चंद्रकांतचं न उचलणारं पाऊल

सोमवार, संध्याकाळ

आज क्लिनिकमध्ये गुहागरचा चंद्रकांत आला होता. इथे आखातात, मुसफ्फाच्या बांधकाम साइटवर परांचीवर काम करतो. चालताना त्याची उजवी चप्पल आपोआप निसटत होती, कारण पाऊल उचललंच जात नव्हतं. कमरेतली नस दबली असणार. एमआरआय आजच हवा होता. त्याच्या स्वस्तातल्या इन्शुरन्सने कळवलं, आधी गोळ्या देऊन बघा.

मॅनेजरला म्हटलं, "मशीन रिकामंच आहे, करू या ना."

"डॉक्टर, ये चॅरिटी नहीं है. और आपके स्कॅन भी कम हैं."

कमी! म्हणजे सकाळी मरीना भागातल्या त्या श्रीमंत मुलीच्या साध्या डोकेदुखीला याने स्कॅन करायला लावलं, ते यासाठीच. तिचं इन्शुरन्सचं कार्ड भारी. आणि सही माझी. का केली मी?

चंद्रकांतला म्हटलं, लगेच गावी जाऊन दाखव.

"सुट्टी मागितली की खलास, मॅडम. परत बोलावणार नाहीत. गोळीच स्ट्राँग द्या."

"गोळीने फक्त दुखणं थांबेल. पाऊल नाही उचलणार."

"दुखणं थांबलं की वर चढता येईल ना?"

"नाही!" मी जवळजवळ ओरडलेच. तो ओशाळं हसला, निसटलेली चप्पल हातात घेतली आणि गोळ्या घ्यायला गेला. उद्या तो चढणार आहे.