डोक्यावरचा हात

आदरणीय काका,

सप्रेम सलाम. प्रेम आहे असं नाही, पण पत्राला सुरुवात लागते. हे पत्र पाठवणार नाही. तुम्हाला फक्त निमंत्रण येईल.

सातवीतून काढून तुम्ही मला सुतारखान्यात उभं केलंत. फळी वाकडी कापली गेली की डोक्यात टपली मारून आपल्याच चर्चमधल्या गिऱ्हाइकांना सांगायचात, "भुसा भरलाय नुसता. आणि म्हणे पाळक होणार! मेंढरं हसतील रे."

रात्रशाळा करून पाळकांच्या शाळेत, सेमिनरीत, पोचलो; आता तीही संपत आली. दीक्षेच्या वेळी उमेदवार गुडघे टेकतो आणि मंडळीने कारभारासाठी निवडलेले सगळे वडीलजन त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, ही आपली प्रेस्बिटेरियन रीत. तुम्हीही वडीलजनच. त्याच गिऱ्हाइकांसमोर, त्याच डोक्यावर, तुम्हाला आशीर्वादाचा हात ठेवावा लागेल. मी वाट बघतोय.

गेल्या आठवड्यात वर्गात तालीम झाली. सोबत्याने हात उचलताच मी मान चुकवली.

"अरे, आशीर्वाद देतोय, मारत नाहीये," तो म्हणाला. सगळे हसले.

तेव्हापासून मी त्याला रोज हात उचलायला लावतो. मान अजून हलते. पण त्या दिवशी हलणार नाही. तेवढा आनंद मी तुम्हाला देणार नाही.

तुमचा पुतण्या,
भुसा