जड तुकडा आधी

प्रिय बाबा,

तुम्ही दादाकडे सुखरूप पोचलात आणि सकाळच्या चहात साखर कमी म्हणून वहिनीशी वादही घातलात, हे कळलं आणि माझा जीव भांड्यात पडला. साखरेवरून भांडणारा माणूस ठणठणीत असतो. घरात पाणी खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलं होतं म्हणे. चढू दे. भिंती वाळतात, गाद्या नव्या घेता येतात. गल्ली मोकळी झाली की मी स्वतः येऊन घर धुऊन काढीन.

फोन मात्र तुम्ही घेत नाही. दर वेळी वहिनी सांगते, ते झोपलेत. भरदुपारी झोपलेत, संध्याकाळी झोपलेत, जेवायच्या वेळेलाही झोपलेत! शेवटी तिनेच खरं काय ते सांगून टाकलं. दादाकडे जाण्याआधी तुम्ही ज्या निवाऱ्यात होतात, तिथे मदतीच्या होडीबरोबर आलेला आमच्या पूर-अंदाजाच्या ऑफिसातला नकाशेवाला गमतीने बोलून गेला, की पुराच्या हिशेबात यादीच्या सगळ्यात वर तुमचीच गल्ली होती. त्यावर शेजारच्या काकांनी हात जोडले आणि म्हणाले, लेकीचा वशिला कामी आला. तेव्हापासून तुम्ही गप्प. मला आधी हसू आलं, मग रडू. जन्मभर टपालाच्या खिडकीमागे बसून ज्याने सख्ख्या बहिणीलाही रांगेत उभं केलं, त्याच्या मुलीने रांग मोडली असं तुम्हाला वाटलं. आत्या तर ती रांग अजून विसरलेली नाही.

तर आता शांतपणे ऐका. नदी किती चढणार हे आम्हाला आधी कळतं. मग एकेका वस्तीत पाणी कुठवर येईल ते वेगवेगळं काढावं लागतं, आणि ते काम आम्ही पुष्कळ यंत्रांना, म्हणजे संगणकांना, वाटून देतो. घर सोडायचा निरोप मात्र सगळ्या वस्त्यांचा हिशेब झाला की सगळ्यांना एकदमच जातो. गेल्या पुराच्या वेळी आम्ही नकाशाचे सारखे भाग केले होते, प्रत्येक यंत्राला एक. दिसायला अगदी न्यायाचं. पण मोकळ्या मैदानाचा भाग चुटकीसरशी होतो, आणि जिथे नाले, पूल, बोळ आहेत तिथे यंत्राला घाम फुटतो. बाकीची सगळी हातावर हात ठेवून बसली, एकटं एक यंत्र राबत राहिलं, आणि आमचा अंदाज बाहेर पडला तेव्हा लोक छपरांवर चढले होते. त्यानंतर मी हे काम हट्टाने मागून घेतलं. भाग लहान केले, तर भलतेच लहान झाले. एक ना धड भाराभर चिंध्या, यंत्रांचा अर्धा वेळ पुढचं काम मागण्यातच जायला लागला. बऱ्याच खटपटीनंतर मधला आकार सापडला. मग नियम असा केला, की जे यंत्र मोकळं होईल त्याने पुढचा तुकडा उचलायचा, आणि सगळ्यात जड तुकडा सगळ्यात आधी सुरू करायचा. ज्याला शिजायला वेळ लागतो ते आई आधी गॅसवर चढवायची ना, तसंच. जड काम शेवटाला ठेवलं तर सगळे त्याच्यापायी खोळंबतात.

आपली गल्ली दोन नाल्यांच्या बेचक्यात, शेजारी तो बसका पूल, आणि बोळ तर असे की नवा पोस्टमन हमखास चुकायचा. अख्ख्या शहरात याहून जड तुकडा नाही, म्हणून तो वर. तो वर असल्याने निरोप तुम्हाला आधी मिळाला नाही, सगळ्यांनाच लवकर मिळाला. या वेळी रस्ते कोरडे असताना लोक चपला घालून, पिशव्या, मांजरं, शिलाई मशीन घेऊन बाहेर पडले. आमच्या साहेबांना आजवर कोणी हसताना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतः चहा ओतून दिला. मला इतकं हलकं वाटलं की मी कप घेऊन जिन्यातच बसून राहिले.

एवढं तर वहिनीनेही तुम्हाला समजावलं असतं. मी लिहायला बसले ते पुढच्यासाठी. हिशेब अर्ध्यावर असताना वीज गेली आणि बरीच यंत्रं बंद पडली. सगळ्या वस्त्या होतील असं दिसेना. साहेब मला म्हणाले, होतील तेवढ्यांना तरी निरोप देऊ, पुढे कोणत्या घ्यायच्या ते तू ठरव. मी यादी उघडली. आपली गल्ली नुकतीच पुरी झाली होती, नियमाने, माझा हात न लागता. थोड्या वेळाने वीज आली आणि सगळ्यांचंच काम पार पडलं. पण बाबा, यादी उघडली तेव्हा माझे डोळे दुसरं काहीच शोधत नव्हते. आपला तुकडा हलका असता, खाली कुठेतरी अडकलेला असता, तर मी तो वर ओढला असता, दुसऱ्या कोणाच्या तरी बाबांना मागे टाकून. मी वशिला लावला नाही हे खरं, पण ती वेळ आली नाही म्हणून. ती आली नाही याचं मला पाणी ओसरल्याइतकंच बरं वाटतंय, आणि हे तुमच्याशिवाय कोणाला सांगणार? रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण फोन उचलून रागवा.

तुमचीच,
घाईबाई