दमल्याचा दंड

११ नोव्हेंबर १९३४, रविवार

लोणावळ्याहून परत आलो — एकटाच. पिशवीत शेरभर चिक्की आणि नानांनी आखून दिलेला एक कोरा कागद. बायको आणायला गेलो होतो, कागद घेऊन आलो. शाबास हौशीराम मास्तर!

कस्तुरा बाळंतपणाला गेली त्याला आता आठ महिने होतील. बबी सहा महिन्यांची झाली. दिवाळीला गेलो की दोघींना टाकव्याला घेऊनच यायचं, असं ठरवून गेलो होतो. विषय काढला तर नाना चष्म्यावरून बघत राहिले. आता सासरे असले तरी आधी ते माझे हेडमास्तर. अजून ते समोर आले की मला पाढे आठवत नाहीत.

पेन्शनीत त्यांना नवा नाद लागला आहे — मावळातले शब्द गोळा करायचे, वही करायची, पुण्याला कुणा पंडितांकडे धाडायची. म्हणाले, "थकव्याचं पान तुमच्याकडे. पन्नास शब्द. अर्थ, लिंग, शुद्धलेखन सगळं. पान भरा, मग मुलीला न्या." थकव्याचंच का, असं विचारलं. तर म्हणाले, "तीन दिवसांत तुम्ही दुपारचे नऊ तास झोपलात. म्हटलं, या विषयात तुमचा अभ्यास दिसतो." मेहुण्या खिदळल्या. आतून कस्तुराही हसली असावी. असू दे, असू दे.

१२ नोव्हेंबर

सुट्टी आहे. अंथरुणावर पडल्या पडल्या सहा शब्द लिहिले — थकवा, शीण, ग्लानी, दमछाक, मरगळ, श्रम. सातवा आठवता आठवता झोप लागली.

संध्याकाळी शेजारच्या रतनमावशी भाकरी घेऊन आल्या. कस्तुरा गेल्यापासून माझ्या भाकऱ्या त्याच थापतात, पाण्याचा हंडाही त्याच भरतात. विचारलं, मावशी, दमल्यावर तुम्ही काय म्हणता? तर म्हणाल्या, "दमाया सवड कुनाला हाय?" शब्द मिळाला नाही. भाकरी मिळाली.

सहा शब्द कार्डावर घालून नानांना धाडले. सुरुवात तर झाली.

१६ नोव्हेंबर

पाकिटातून माझंच कार्ड परत आलं, तांबड्या शाईने रंगवलेलं. 'शीण'मधला शी दीर्घ, त्याच्या अर्थात लिहिलेल्या 'शिणणे'मधला शि ऱ्हस्व — मी नेमकं उलटं केलेलं. 'दमछाक' स्त्रीलिंगी, मी ती नपुंसक करून ठेवली होती. खाली शेरा: "हे पुस्तकातले शब्द. पुस्तकं माझ्याकडेही आहेत. माणसांना विचारा."

माणसांना विचारा म्हणे! माणसं सांगतायत कुठं?

१८ नोव्हेंबर, रविवार

कोंडाजीआबांच्या खाचरात आज भातकापणीची इर्जिक होती. सारा गाव एकाच्या शेतावर फुकट राबतो, शेतवाला सगळ्यांना जेवू घालतो. दोन वर्षांत मी एकदाही गेलो नव्हतो. त्या दिवशी नेमकं माझं पोट दुखायचं. आज मात्र वही-पेन्सिल घेऊन आपण होऊन गेलो. तीस माणसं उन्हात वाकून भात कापतायत — थकव्याचे शब्द इथे नाही मिळायचे तर कुठे?

बांधावर बसून एकेकाला विचारायला लागलो. नथू कापता कापता लांब सरकला. एका बाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला. आबांना विचारलं, आबा, दमल्यावर तुम्ही काय म्हणता हो? आबा म्हणाले, "औंदा थंडी लवकर पडली, न्हवं?" पुन्हा विचारलं, तर पुन्हा थंडीच. मला वाटलं, गाव रुसलंय माझ्यावर.

शेवटी रतनमावशी म्हणाल्या, "मास्तर, नुसतं इचारून काय कळतंय? या हितं. इळा घ्या." घेतला. इतक्या बायकांदेखत नाही कसं म्हणणार? एक ओळ कापली. दुसरी कापली. तिसरीच्या मध्यावर कंबर सरळ केली आणि तोंडातून निघून गेलं — "आई गं! दमलो बुवा!"

खाचरातले सगळे एकदम माझ्याकडे वळले. मग तीस विळे वर, आणि असा काही ओरडा उठला की बांधावरचे बगळे उडाले. नथू तर पेंढ्यांवर आडवा होऊन हसत होता.

मग कळलं. इर्जिकीत दमल्याचं नाव काढायचं नाही, ही इथली रीत. एक टेकला की सगळे टेकतात. जो पहिला बोलेल त्याने पुढच्या रविवारी साऱ्या इर्जिकीला जेवण घालायचं. हे शेंबड्या पोरापासून सगळ्यांना ठाऊक, मला सोडून. सकाळपासून मी एकेकाला खड्ड्यात ढकलायला बघत होतो, आणि पडलो मीच.

आबा म्हणाले, "डाळ-तांदूळ आमी देऊ. पर रांदायचं मास्तरच्या घरानं. दुसऱ्याच्या हातचं चालत न्हाई." म्हटलं, घरात मी एकटा आहे. "मंग आना की मास्तरीनबाईस्नी. लय दिस झालं."

१९ नोव्हेंबर

पेन्सिल धरवत नाही. उद्या.

२० नोव्हेंबर

दंड एकाला लागला की बाकीचे त्या सुगीपुरते मोकळे. परवा तोंड फिरवणारे आज ओसरीवर येऊन आपण होऊन सांगतायत. नथूने 'पेकाट मोडलं' दिलं, 'लोळागोळा झालो' दिलं. आबांनी 'मेटाकुटीला आलो' आणि 'जेरीस आलो'. रतनमावशींनी तर माझीच शाळा घेतली. दम लागतो तो चढणीवर, आणि टेकलं की जातो. भागतो तो चालून चालून. शीण टेकून जात नाही, त्याला झोपच लागते. पोटात काही नसताना उन्हात राबलं की माणूस भेंडाळतो. आणि अंग आंबतं ते दुसऱ्या दिवशी. "थकतो त्यो म्हातारा. तुमी थकलो म्हनू नगा, शोबत न्हाई."

'अंग आंबणे' याचा अर्थ लिहायला मला उदाहरण शोधावं लागलं नाही. अजून जिना चढायचा म्हटलं की घाम फुटतो.

एकूण बावन्न भरले. वेलांट्या तीनदा तपासल्या. सोबत पत्र लिहिलं — पान भरलं, रविवारी तीस माणसांचं जेवण आहे, शनिवारपर्यंत कस्तुराला धाडावं. माझं राहू द्या, पण गावात तोंड दाखवायचं आहे.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

नानांचं कार्ड. "शब्द उत्तम. 'आंबणे' फार आवडला. तीन वेलांट्या चुकल्या. मुलीचं पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात! पान भरा, मग न्या — हे कोण म्हणालं होतं? बावन्न शब्दांसाठी माझं पेकाट मोडलं, आणि यांना वेलांट्या दिसतायत. उद्या शाळा सकाळची आहे. सुटली की सरळ लोणावळा.

२४ नोव्हेंबर

जन्मात पहिल्यांदा नानांसमोर आवाज चढवला. तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्यात आणि म्हातारपणी स्वतः काय चालवलंय, असं म्हणालो. मुलीवर एवढी माया असेल तर लग्नच का लावून दिलंत, असंही म्हणालो. नाना मान खाली घालून ऐकत राहिले.  त्याने मी आणखीच चिडलो.

कस्तुराने बबीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती आत निघून गेली. बापाच्या धाकाने कस्तुरा घाबरली असेल. बबीने माझी मिशी धरली ती सोडेचना. गाडीची वेळ झाली तेव्हा एकेक बोट सोडवून तिला मेहुणीकडे दिली. गाडीत रडू आलं. लिहून ठेवतो, इथं कोण वाचतंय.

२५ नोव्हेंबर, रविवार

आबांनी निकाल दिला — घर म्हणजे घरातलं माणूस. मास्तर एकला तर मास्तर रांदंल. रतनमावशींनी उंबऱ्याबाहेर बसून नुसतं सांगायचं, हात लावायचा नाही. "आरं, मीठ! मीठ घाला की!" असं सकाळपासून दहा वेळा झालं.

पण स्वयंपाकाचं सोडा, पाणी! तीस माणसांच्या जेवणाला पाणी किती लागतं हे आज कळलं. नदी घरापासून उतारावर आहे हे मला ठाऊक होतं. येताना त्याचीच चढण होते हे नव्हतं. खांद्यावर हंडा घेऊन सोळा खेपा घातल्या. नवव्या खेपेला पिंपळाखाली बसून राहिलो. पाणवठ्यावरच्या बायका थांबून थांबून बघत होत्या. एकीने मला हंड्याखाली चुंबळ धरायला शिकवलं.

बाराव्या खेपेला वर आलो तर ओसरीवर नाना! वडगाव स्टेशनावरून बैलगाडी करून आलेले. म्हटलं, तपासणीला आले असतील.  नानांनी उठून हंडा उतरवायला हात लावला, एवढंच.

भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. आमटी मात्र साधली. सगळे पोटभर जेवले. नथू म्हणाला, आजवरच्या दंडात हा एक नंबर. नानांनी करपलेला भात दोनदा मागून घेतला. निघताना विचारलं, "कस्तुरा इथे असताना रोज किती खेपा व्हायच्या?" मी म्हटलं, कधी मोजल्या नाहीत. नुसतं "हं" म्हणाले आणि गाडीत बसले.

२९ नोव्हेंबर

कस्तुराची चिठ्ठी. "तुम्ही नानांना तसं बोलायला नको होतं. त्यांनी मला अडवलं नाही. मीच म्हणाले होते, इतक्यात पाठवू नका. पोटुशी असताना रोज दहा खेपा घातल्या, आणि तुमची दुपारची झोप मोडू नये म्हणून हंडासुद्धा हळू टेकवला. बबीला घेऊन पुन्हा ते होणार नाही वाटलं. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. माझ्यावर येऊ नये म्हणून नानांनी पन्नास शब्दांचं काढलं. तुम्ही सोळा खेपा घातल्या असं नाना म्हणतात, खरं का? खरं असेल तर शनिवारी सकाळच्या गाडीने येते."

चारदा वाचली. नानांना माफीचं कार्ड टाकलं. शनिवारी दहाच्या आत वडगाव स्टेशनात जाऊन उभा राहीन. सकाळच्या खेपा आटपून.