चार नंबरचा जिना

तीर्थस्वरूप आत्यास,

तुला साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण तू लेकीकडे गेलीस ती त्यांच्यासाठी. आता कसे आहेत ते? ताई म्हणत होती की सूज उतरली, पण तू बागेत फिरायचं सोडून तिची कपाटं आवरत बसतेस. आत्या, तू तिथे आणखी महिनाभर राहावंस अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिथली हवा चांगली आहे आणि ताईकडे कपाटंही पुष्कळ आहेत. (फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू माझं अर्धं ऐकतेस आणि उरलेलं तूच बोलतेस. ही हकीकत अर्धी ऐकलीस तर मिळेल त्या गाडीने निघून येशील.) अक्षर गोड मानून घे, जिथे बसून लिहितोय तिथे उजेड बेताचाच आहे.

इकडे सर्व क्षेम. कुंड्यांना रोज पाणी घालतो. स्वयंपाकघराची एक भिंत सोडली तर तुझं घर तू ठेवून गेलीस तसंच आहे. त्या भिंतीचं सांगायचं तर आधी आमच्या स्टेशनाचा इतिहास सांगावा लागेल, आणि तो तुला ऐकावाच लागेल, कारण त्यात तुझे सासरे आहेत.

आमचं स्टेशन शहरातलं सगळ्यात जुनं भुयारी स्टेशन. दोन ठेकेदारांनी ते दोन टोकांकडून खणायला घेतलं. दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, आपली रेघ सरळ आणि दुसऱ्याची वाकडी असं दोघंही शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि त्यामुळे फलाट मधोमध वाकला. अजूनही मधल्या डब्यातला माणूस उतरत नाही, उडी मारतो. तर सगळ्यात खाली हा फलाट, त्याच्यावर तिकिटांचा गोल हॉल, आणि हॉलमधून चारी दिशांना जिने. एक नंबर कोर्टाकडे, दोन बाजाराकडे, तीन इस्पितळाकडे आणि पाच नाटकगृहाकडे. (कोर्टात निघालेली माणसं कधीकधी चुकून नाटकाला जातात, तक्रार अजून कुणी केलेली नाही.) चार नंबर नाहीच. मी स्टेशन व्यवस्थापक झाल्यापासून रोज कुणीतरी चार नंबर कुठे म्हणून विचारतं आणि मी 'दुरुस्तीसाठी बंद आहे' असं सांगतो, कारण आमच्या खात्यात हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं.

पण नवे साहेब आले आणि त्यांना ते चालेना. स्टेशनाच्या वाढदिवसाला चार नंबर उघडलाच पाहिजे, असं त्यांनी बैठकीत सांगितलं आणि याचा इतिहास कुणाला माहीत आहे म्हणून विचारलं. सगळे चहाच्या कपात बघू लागले. मी म्हणालो, मला पाठ आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला पाठ होतं ते एवढंच, की तुझ्या सासऱ्यांचं शिवणकामाचं दुकान हॉलच्या बरोबर डोक्यावर होतं आणि जिना आपल्या दुकानात काढायला त्यांनी मोठ्या खुशीत होकार दिला होता. गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक थेट मापं द्यायला उभं राहील, असा त्यांचा विचार. जिना वर आला, पण त्याच्याबरोबर धूळही आली आणि एका नवरदेवाच्या पांढऱ्याशुभ्र सुटावर बसली. सासऱ्यांनी कात्री खाली ठेवली, विटा आणल्या आणि जिन्याच्या तोंडावर स्वतःच्या हाताने भिंत घातली. (आतोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा तू स्वयंपाकघरातून 'माणूस पहिल्यापासून तापट' असं ओरडायचीस, आठवतं?) दुकान म्हणजे आताची तुझी अडगळीची खोली आणि तिच्यामागचं स्वयंपाकघर. जिना पुढच्या अडगळीतच निघणार, आणि अडगळीला कोण विचारतं, असं मी धरून चाललो. पण आत्या, जिनासुद्धा त्याच ठेकेदारांचा. तो मध्येच वळला.

जिन्याच्या खालच्या तोंडावरची फळकुटं काढून साहेब, गवंडी आणि मी वर चढलो. वर एकेरी विटेची भिंत. गवंड्याने एक वीट काढली आणि पलीकडे बरण्या दिसल्या. तुझ्या कपाटाला मागची फळी नाही हे तुला माहीत आहेच. मी पाहताक्षणी ओळखलं की हे कुणाचं कपाट आहे, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तोंड उघडणार तोच साहेबांनी आत हात घालून डब्यातलं एक बिस्कीट काढलं, खाल्लं आणि म्हणाले, "इतकं जुनं असून अजून कुरकुरीत आहे." आता अशा माणसाला मध्येच कसं थांबवायचं? मी धीर करून खरं सांगितलं तोवर भिंत पायरीपर्यंत उतरली होती आणि कपाट बाजूला सरकलं होतं.

एक समाधान मात्र आहे. बरण्या आपोआप वाजतात म्हणून तू इतकी वर्षं घुशींना शिव्या दिल्यास. त्या घुशी नव्हत्या, आमची गाडी होती. घुशींची माफी मागायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी एका उत्साही कर्मचाऱ्याने मला न विचारता खाली बाण आणि '४' अशी पाटी लावली, आणि मी कुंड्यांना पाणी घालायला आलो तर तुझ्या स्वयंपाकघरात प्रवासी. पण आत्या, माणसं किती चांगली निघाली! एक प्लंबर होते, त्यांनी तुझा गळका नळ दुरुस्त करून दिला. एका बाईंनी ओटा पुसला. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसून पेपर वाचत होते. म्हणाले, बाकीच्या जिन्यांवर बसायची सोय नाही, हा उत्तम आहे. मला खरंच फार आनंद झाला. तरी आता काळजी करू नकोस. खाली जाळीचा दरवाजा बसवून भक्कम कुलूप लावलंय, किल्ली तुझ्या साखरेच्या डब्याशेजारी ठेवली आहे, आणि ती तिथून कुणी हलवणार नाही. महिन्याभरात भिंत पूर्ववत होईल. ताईला नमस्कार सांग.

तुझा आज्ञाधारक (बहुतेक वेळा)
भाचा

ता. क. भिंत पूर्ववत होईल, पण जिना बंद होणार नाही. तो अडगळीच्या खोलीकडे वळवून कायमचा उघडायचा असं साहेबांच्या मनात आहे, आणि त्याला तुझा होकार हवा. खरं तर एवढंच विचारायला पत्र लिहायला बसलो होतो. रस्ता न ओलांडता घरातून थेट गाडीत बसशील आणि वाटेल तेव्हा लेकीकडे जाशील. गुडघ्यांना विचारून बघ.

ता. क. दुसरा. आत्या, तू आलीस वाटतं. पुढच्या दाराची कडी वाजली, तुझ्या चपला वाजल्या, मग बराच वेळ काहीच वाजलं नाही आणि मग भिंतीपुढे कपाट सरकलं. मी आणि साहेब कपाटाच्या मागे, जिन्यावर आहोत. हे पत्र मी इथेच बसून लिहीत होतो. कपाट ढकलून पाहिलं, ते हलेना; हाका मारल्या, पण तू मिक्सर लावलास. खालच्या जाळीला कुलूप आहे आणि किल्ली कुठे आहे ते वर लिहिलंच आहे. पत्र कपाटाखालून सरकवतो. तेवढी किल्ली दे. साहेब तुला नमस्कार सांगतात आणि बिस्किटाबद्दल दिलगिरी.

ता. क. तिसरा, मघाच्या पानांच्या मागोमाग. मिक्सर थांबला. तू वाचलंस बहुतेक. आत्ताच कपाटाखालून काहीतरी आत आलं. किल्ली नाही, झाडू आहे. साहेब विचारताहेत, याचा अर्थ काय. मी सांगितलं, साहेब, होकार मिळाला. वरच्या पायरीपासून सुरुवात करा.