डाव्या चाकाचा ब्रेक

आप्पा, तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला नीट आठवत नाही. राग मात्र जसाच्या तसा आहे. गेलेल्या माणसाचं वाईट मनात ठेवू नये म्हणतात. मी ठेवलंय. आज सकाळी दाढी करताना आरशात तुमची हनुवटी दिसली, तशी वस्तरा बाजूला ठेवून लिहायला बसलो. अर्धा गाल अजून साबणात आहे. तुम्हाला आवडलं नसतं. हातातलं काम अर्ध्यावर सोडणारा माणूस तुम्हाला कधीच आवडला नाही.

ती गाडी आपल्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरी आली ती बैलांनी ओढत. एका इनामदाराच्या विहिरीवरचं तेलाचं इंजिन तुम्ही सुरू करून दिलंत आणि त्याच्या गोठ्यात कडब्याखाली पडलेली ती मोटार त्यानं खुशीनं तुम्हाला देऊन टाकली. लांब नाकाची, उघडी, शर्यतीत पळवायची म्हणून विलायतेत बांधलेली. सगळी गल्ली दारात आली. बोनेट उघडून तुम्ही आत बघत होता तेव्हा तुमचा चेहरा मी पहिल्यांदाच इतका मऊ बघितला. इंजिन दांडगं होतं, पण ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, तोही चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला बाहेरून आवळणारा पत्र्याचा पट्टा. जुन्या गाड्यांना पुढच्या चाकांना ब्रेक नसायचाच. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, बार्शीच्या रस्त्यावर प्रवासी मोटार चालवत होतो. मी म्हणालो, "आप्पा, ही पळेल, पण थांबणार कशी?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "थांबवायचं मी बघतो. तू फकस्त चालीव."

तुम्ही गिरणीतले मोठे फिटर. तुमच्या हाताखाली माणसं थरथरायची, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि घरी बघतही आलो होतो. गिरणीच्या भंगारात मोडक्या लॉरीचा मागचा भाग पडला होता. त्याचे रुंद ड्रम आणि आतून फाकून ड्रमला भिडणारे ब्रेक शू तुम्ही साहेबाला विचारून घरी आणलेत. जेवणाच्या सुट्टीत गिरणीतल्या लेथवर ड्रम आतून कातून घेतलेत. मग आपलं अंगण म्हणजे कारखानाच झाला. गाडीचं बूड लाकडी ठोकळ्यांवर चढवलेलं, चाकं भिंतीला टेकवलेली. आई त्यातून वाट काढत पाणी भरायची आणि पदराला ग्रीस लागलं की तुमच्याऐवजी मलाच बोलायची. तुम्ही भोक मारायचात, मी तांब्याचे रिव्हेट ठोकून शूला ड्रमवर घासणारं नवं लायनर बसवायचो. एकेक रिव्हेट तुम्ही अंगठ्याचं नख फिरवून बघायचात. डोकं जरा वर आलेलं असलं की छिन्नीनं उडवून टाकायचात, मग मी परत नवा ठोकायचो. खोटं कशाला सांगू, ते दिवस मला आवडले होते. तुमच्या शेजारी उकिडवं बसून, सावली सरकेल तसे आपणही सरकत होतो. शेजारचे विणकर मामा माग थांबवून यायचे आणि उंबऱ्यावर बसून विडी ओढत बघायचे.

मग ती कडी. ॲक्सलमधलं तेल ड्रममध्ये उतरून ब्रेक निसरडा होऊ नये म्हणून चाकाच्या आतल्या अंगाला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड कडी बसवतात. उजवीकडची लॉरीच्या सामानात चांगली निघाली. डावीकडची कुजून गेली होती. मी म्हणालो, मुंबईहून मागवू, आठ दिवसांत येईल. तुम्ही आत गेलात, सांगोल्याच्या धनगराकडून घेतलेली घोंगडी आणलीत, तिचा कोपरा दुमडून चार पदर केलेत, शिवलेत, आणि छिन्नीनं त्यातून कडी कापलीत. सुबक होती, नाही म्हणत नाही. मी म्हणालो, "आप्पा, गिरणीचा दांडा सावकाश फिरतो. हे मोटारीचं चाक आहे. तापलं की तेल पातळ होईल, ही लोकर धरणार नाही."

अंगणात तेव्हा सात-आठ माणसं होती. तुम्ही कडी हातात घेऊन उभे राहिलात. "दोन वर्सं मोटार हाकली म्हंजी फिटर झालास व्हय रं? डायवरनं गादीवर बसावं. गादीच्या खाली आमचं राज्य हाय." सगळे हसले. मीही हसलो. ते हसू मला अजून तोंडात कडू लागतं. त्या दिवशी मी पाना खाली टाकून, लोकांसमोर का होईना, अडून बसायला हवं होतं. पण तुमच्यासमोर अडून बसायची सवय तुम्ही मला कधी लागू दिली नाही.

रविवारी होटगी रस्त्यावर आपण गाडी काढली. ब्रेक सुरेख लागले. पूर्वी अख्खं शेत ओलांडून थांबणारी गाडी रस्त्याकडेच्या चार झाडांच्या अंतरात थांबत होती. तुम्ही मांडीवर थाप मारलीत आणि मग तोच हात माझ्या खांद्यावर ठेवलात. चौथ्या-पाचव्या खेपेला मात्र गाडी उजवीकडे ओढू लागली. मी म्हणालो, डावा ब्रेक कमी लागतोय, ड्रम उघडून बघू. तुम्ही खाली उतरलात, गाडीखाली सरकलात आणि डाव्या ब्रेकला ओढणारी सळई दोन आटे आवळलीत. ओढणं थांबलं. "बगितलंस?" तुम्ही म्हणालात. "उगंच उघडझाक करायची न्हाय." कपड्यांवरची धूळ झटकत तुम्ही बसलात आणि घरी येईपर्यंत गुणगुणत होता.

चारच दिवसांनी आपण तुळजापूरला गेलो. आईला देवीची ओटी भरायची होती, आणि तुम्हाला गाडी मिरवायची होती. जाताना सगळं चढाचं, ब्रेकाचं काम पडलं नाही. परत येताना आपण घाट उतरतोय. मी चालवतोय, तुम्ही माझ्या डावीकडे, आई मागे माझ्या पाठीशी. ती खुशीत आहे. उजवा हात दाराबाहेर काढून कठड्यापलीकडची शेतं दाखवते. "किती बारकी दिसत्यात की हितनं!" दुसऱ्या वळणाला पायाखालचा ब्रेक नरम लागतो. तिसऱ्या वळणाला गाडी उजवीकडे ओढते, होटगी रस्त्यावर ओढली होती त्याहून जास्त. मी पाय सैल करतो. इंजिनावरच गाडी आवरावी, गियर पाडावा असं माझ्या मनात आहे, तेवढ्यात तुम्ही ओरडता, "ब्रेक सोडू नगंस! दाब! दाब म्हन्तो न्हवं!"

मी दाबला. आप्पा, तेवीस वर्षं तुम्ही सांगितलेलं केलं तसं तेही केलं. उजवं चाक जागच्या जागी जाम झालं, डावं फिरतच राहिलं, गाडीचं नाक उजवीकडे वळलं आणि तिची सगळी उजवी कूस दगडी कठड्याला घासत गेली. आईचा हात बाहेरच होता.

सोलापूरच्या दवाखान्यात कोपराखालचा हात काढावा लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं लुगडं न्यायला मी घरी आलो. गाडी आदल्या दिवशी लॉरीनं ओढून आणून अंगणात उभी केली होती. तुम्ही तिच्या डाव्या बाजूला बसला होता. चाक काढलेलं, ड्रम काढलेला, आणि पुढ्यातल्या घमेल्यात तुम्ही ते दोन शू राकेलनं घासून धूत होता. घमेल्यातलं राकेल काळंभोर झालं होतं आणि त्यावर तेलाचा तवंग होता. शेजारी फरशीवर घोंगडीची ती कडी पडली होती, तेलानं फुगून निथळत असलेली. तुम्ही मान वर केलीत.

"काय पायजे?"

"आईचं लुगडं."

"दांडीवर हाय."

त्या गाडीबद्दल तुमचं-माझं शेवटचं बोलणं तेवढंच. मी लुगडं घेऊन दवाखान्यात गेलो आणि आईला सगळं सांगितलं. ती छताकडे बघत पडून होती. तशीच म्हणाली, "त्येंनी सारा जलम त्या हातावर नाव कमावलं. त्येवढ्यावरच उभं हायती. तू तरणा हाईस, कसाबी उभा ऱ्हाशील. गप ऱ्हा की रं माज्यासाटी." कोणाचा हात गेला आणि कोणाच्या हाताची काळजी ती करत होती! मी मान डोलावली.

दुपारी फौजदार अंगणात आला. तुम्ही त्याला दोन्ही ड्रम उघडून दाखवलेत. दोन्हीकडचं लायनर कोरडं, दोन्ही कड्या स्वच्छ. डावीकडची दुसरी कडी तुम्ही कधी कापलीत, देव जाणे. फौजदारानं बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, "मग झालं काय?" तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. "बिरेकात काय बी दोष न्हाय, सायेब. पोराचा हात कच्चा." विणकर मामा उंबऱ्यावर होते. त्यांनी विडी विझवली आणि उठून घरी गेले. माझा परवाना गेला, बार्शीची नोकरी गेली. पेठेतली बायामाणसं माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायला लागली. आईचा हात घालवणारा मुलगा.

तरीही मी घरीच राहिलो असतो. आई बरी होऊन आली आणि हट्टानं चुलीपुढे बसली. एका हातानं पीठ मळताना परात सरकायची, ती गुडघ्यानं अडवून धरायची. भाकरी थापायला तिला पहिल्या दिवशी किती वेळ लागला ते मी भिंतीला टेकून बघत होतो. कडेला चिरलेली, मधे जाड, पण अख्खी भाकरी तिनं तव्यावर टाकली आणि माझ्याकडे बघून हसली. तुमच्या ताटात ती पडली, शेजारी शेंगांची चटणी. तुम्ही घास मोडलात, चावलात आणि म्हणालात, "जाड झालीया."

मी ताटावरून उठलो. त्याच दुपारी मोहोळला गेलो आणि रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये लोकांची इंजिनं दुरुस्त करू लागलो. त्या घरात परत आलो तो तुम्हाला खांदा द्यायलाच. त्यानंतर आई माझ्याकडे राहिली. तिनं सोबत काय आणलं असेल? पाटाला जोडलेला एक लोखंडी चिमटा, परात जागेवर धरून ठेवणारा. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, हाताला कुठं लागू नये म्हणून. "तू गेलास त्येच्या दुसऱ्या दिशी करून आनला त्येंनी," ती म्हणाली. "कायबी न बोलता म्होरं ठिवला." तिला वाटलं, मी विरघळेन. मी तो चिमटा उलटसुलट करून बघितला. काम निर्दोष होतं. तुमचं काम असंच असायचं, जिथं तुमची चूक कुणाला दिसायची भीती नसेल तिथं. एक चिमटा करून देता आला तुम्हाला. "पोराची चूक नव्हती" हे तीन शब्द फौजदाराला, गल्लीला, निदान मला सांगता आले नाहीत. आईनं तुम्हाला माफ केलं असेल. तो तिचा हात होता, तिचा अधिकार. माझा परवाना, माझं नाव, माझी तेवीस वर्षांची आज्ञाधारक मान मी माफ केलेली नाही.

हे पत्र कुठं धाडणार? धाडता आलं असतं तेव्हाही धाडलं नसतं. घडी करून हत्यारांच्या पेटीत टाकीन, तिथं सगळ्याच कागदांना तेल लागतं. फक्त एक गोष्ट मी आईलाही कधी सांगितली नाही. मोहोळला येऊन मला दुसरं वर्ष होतं. भर दुपार. मी एका लॉरीखाली उताणा पडून काम करत होतो. शेडच्या दाराशी दोन पाय येऊन थांबले. धुळीनं भरलेल्या वहाणा, डाव्या अंगठ्याचं ते चिरलेलं नख. तुम्ही घसा खाकरलात. "कोन हाय का रं आत?" म्हणालात. मी पाना हातात धरून श्वास रोखला. तुम्ही आत आलात, लॉरीच्या अंगावर हात ठेवलात. पत्रा तेवढ्यापुरता किंचित दबल्याचं मला कळलं. किती वेळ उभे होता, सांगता येणार नाही. मग पाय वळले. मोटारतळाच्या बाजूला जाताना तुम्ही दोनदा थांबलात, तेही मी चाकांच्या मधून बघितलं.

कामात होतो, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. आप्पा, काम तुम्ही यायच्या आधीच उरकलं होतं.