अर्ध्या बॉनेटचा हिवाळा

९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेली बाटली गेल्या मंगळवारी सुखरूप पोचली. मात्र ती माझ्या हाती न पडता बाबांच्या हाती पडली, हे आधीच सांगून टाकते. मी अभ्यासिकेत होते. परत आले तेव्हा बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चष्मा कपाळावर सरकवून, बाटलीवरचे लेबल वाचत होते. 'हिवाळी चाचणी, नमुना क्रमांक सात' एवढेच त्यावर होते. अक्षर कोणाचे, हे त्यांनी विचारले नाही. चार वर्षांत तुझ्या हातची वस्तू प्रथमच या घरात आली होती.

मला वाटले, ते ती परत पाठवायला सांगतील. तसे काही झाले नाही. साहेबांच्या, म्हणजे तुझ्या, प्रयोगशाळेतल्या गाड्या संपल्या का, एवढेच त्यांनी विचारले. मग मी तुझी चिठ्ठी वाचून दाखवली, त्यांच्याविषयीच्या चार ओळी गाळून. रंगावर बसणारा हा पारदर्शक लेप पाणी आणि खाऱ्या वाऱ्यातले मीठ चिकटू देत नाही, चाचणीच्या यंत्रात तो सगळा हिवाळा टिकतो. पण खऱ्या गाडीवर, उघड्या रस्त्यावर टिकल्याशिवाय तुमचा कारखाना तो बाजारात आणणार नाही, हे त्यांनी दोनदा वाचून घेतले. नंतर म्हणाले की, आपले मेण पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही असे गिऱ्हाइकासमोर म्हणणाऱ्याने आता दोन्ही शेजारी शेजारी पाहावीत.

काल त्यांनी आपली जुनी निळी गाडी धुतली. बॉनेटच्या मधोमध बोटभर रुंदीची कागदी टेप लावली. डाव्या बाजूला तुझा लेप, उजव्या बाजूला त्यांचे मेण. तुझ्या बाजूला त्यांनी स्वतःच्या बाजूपेक्षा जास्त वेळ दिला. हे माझ्या लक्षात आले. आता हिवाळा संपेपर्यंत बॉनेटला फडके लावायचे नाही. दर रविवारी दहा वाजता दोन्ही बाजूंवर एकेक मग पाणी ओतायचे. थेंब गोल उभे राहून घसरले तर लेप जिवंत; पाणी पसरून बसून राहिले तर गेला. रंगांच्या मिश्रणाची त्यांची जुनी वही आहे ना, तिच्या कोऱ्या पानांवर ही नोंद सुरू झाली आहे.

बाबांचा खोकला आहेच, पण प्रकृती ठीक आहे. फोन दिवाणखान्यात आणि बाबाही दिवाणखान्यात, म्हणून हे सारे पत्राने. माझी एक आशा आहे, ती तुला सांगून ठेवते. बाबा माणसांशी हट्ट धरतील. रंगाशी धरणार नाहीत. तुझी बाजू टिकली, तर ते तुला बोलावल्यावाचून राहणार नाहीत.

तुझा लोभ आहे, तो हिवाळाभर पुरावा.
तुझी,
धाकटी बहीण

*

२३ नोव्हेंबर

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचताना परीक्षेचा पेपर हातात आलाय असं वाटतं. एक मात्रा चुकली असेल तर शपथ. पुस्तकं कुरतडून कुरतडून तुझ्या पोटात आता नुसते अर्धविराम उरले असतील.

बाबांनी टेप लावली, हे वाचून मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. माझ्या बाजूला जास्त वेळ दिला, ही ओळ तर मी तीनदा वाचली.

एक मात्र बजावून सांगतो. जे दिसेल तेच लिही. लेप सहाव्या आठवड्यात गेला तर सहाव्यात गेला असं लिही. तुझ्या नोंदी मी अहवालात जशाच्या तशा उतरवणार आहे. माझ्या वरिष्ठांना मी सांगितलंय की नोंदी ठेवणारी माझी बहीण आयुष्यात कधी चुकीचं उत्तर लिहून आलेली नाही.

त्या दिवशी बाबांच्या मेणाबद्दल मी जे बोललो ते खरं होतं, पण चारचौघांत बोलायला नको होतं. बाबा म्हणाले, मग माझ्या गाड्यांना हात लावू नकोस, आणि मी निघालो. आता त्यांनी नुसतं 'ये' म्हटलं तरी मिळेल त्या गाडीने येतो. म्हणेपर्यंत नाही. हा हट्ट वाईट आहे. तो मला कोणाकडून मिळाला, ते तुला सांगायला नको.

खोकल्याचं नीट लिही. आयुष्यभर त्यांनी तोंडाला रुमाल न बांधता स्प्रे मारलाय.

अभ्यासातून सवड काढून जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते काही संपत नाहीत.
तुझा,
दादा

*

२० डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज सहावा रविवार. गेले तीन आठवडे पाणी मी ओतते आहे, कारण डॉक्टरांनी बाबांना जिना उतरायला मनाई केली आहे. घाबरू नकोस; थंडी आहे तोवर जपायचे, इतकेच. खुर्ची खिडकीशी नेली आहे. तिथून खाली गाडी दिसते. खाली बाबांच्या रंगकामाच्या शेडचे काम डेंटर काका एकटे सांभाळतात. पत्रा ठोकून सरळ करणे सोपे, पण गिऱ्हाइकांना सरळ करणे तुझ्या बाबांनाच जमते, अशी त्यांची तक्रार घेऊन ते रोज चहाला येतात.

भर रस्त्यात गाडीवर मगाने पाणी ओतणे ही माझ्यासारखीसाठी केवढी शिक्षा आहे, याची तुला कल्पना आहे. रस्ता मोकळा होईपर्यंत मी मग घेऊन दाराआड उभी राहते. तरी गेल्या रविवारी समोरच्या मावशींनी गाठलेच. गाडीला हप्त्याहप्त्याने आंघोळ घालता का, आणि तीही अर्धीच, असे त्यांनी विचारले. मी हसले आणि सगळा मग एकाच बाजूवर सांडला. तो आठवडा वहीत 'पाणी असमान' म्हणून नोंदवला आहे.

आता मुख्य वार्ता. आज बाबांच्या बाजूला थेंब उभे राहिले नाहीत. पाणी पसरले आणि मिठाच्या पांढऱ्या डागांभोवती बसून राहिले. तुझ्या बाजूचे मात्र टपोर होते, आणि मी पाहत असतानाच घसरून गेले. वर जाऊन हे कसे सांगावे, म्हणून मी जिन्यात थोडा वेळ थांबले. बाबांनी मान वळवली नाही. मेण गेले असेच लिही, म्हणाले. शाई जपून वापर, असेही म्हणाले. मग त्यांनी चहा मागितला. राग नव्हता, दादा. मी त्यांना इतके शांत क्वचित पाहिले आहे.

प्रकृती ठीक आहे. तुझा लेप जिंकतो आहे. माझी आशा वाढली आहे.

तुझी माया इथवर पोचते, पोचत राहो.
तुझी,
धाकटी बहीण

*

५ जानेवारी

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

तुझ्या सहाव्या रविवारची नोंद मी वरिष्ठांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले की, ही बाई आपल्याकडे नोकरीला येईल का. मी म्हटलं की, ती आपल्याकडच्या माणसांशी बोलायला तीन वर्षं घेईल.

अहवाल फेब्रुवारीअखेर द्यायचाय. तोवर टिकला, तर बाटलीवर 'संपूर्ण हिवाळा' असं छापतील.

पण जिना बंद केला, ही गोष्ट तू समोरच्या मावशींच्या विनोदाशेजारी ठेवलीस, ते मला आवडलं नाही. मी येऊ का? बाबांना सरळ विचार. नाही विचारवलं, तर तुला काय वाटतं ते लिही. तू म्हणशील तसं करतो.

आशीर्वाद.
तुझा,
दादा

*

२४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी.

नोंदी कळवते. नवव्या, दहाव्या आणि आजच्या अकराव्या रविवारीही डाव्या बाजूचे थेंब पूर्ववत गोल आहेत. मोगऱ्याच्या कळ्या सांडाव्यात तसे ते बॉनेटवरून घरंगळतात. मी वर जाऊन सांगते, बाबा 'हं' म्हणतात आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहतात.

तू विचारलेस, येऊ का. बाबांची प्रकृती ठीक आहे. तू अहवाल पुरा कर. आणखी दोन-तीन रविवार असेच गेले, तर ते आपण होऊन तुला बोलावतील, असे मला मनापासून वाटते; आणि न बोलावता आलास, तर दोघेही पुन्हा त्याच दिवसापाशी जाऊन उभे राहाल, ही भीतीही वाटते. परवा त्यांनी तुझा पत्ता मागून घेतला. मी वहीच्या मागच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून दिला. कशासाठी, ते सांगितले नाही.

लोभ ठेव.
तुझी,
धाकटी बहीण

*

१ फेब्रुवारी

चि. थोरल्यास,
आशीर्वाद.

चार वर्षांनी लिहितोय. मायना काय घालावा ते तुझ्या बहिणीने सुचवलं असतं, पण तिला कळू न देता लिहायचंय. ती अभ्यासिकेत गेलीय. पत्र डेंटर पेटीत टाकेल.

तिने तुला लिहिलं असेल की तुझी बाजू टिकलीय. नाही टिकली. नवव्या रविवारी गेली. एवढ्या वरून थेंब दिसत नाहीत, पण पाणी किती वेळ बसतं ते दिसतं. आठव्या रविवारपर्यंत ती जिना चढून येते तोवर तुझी बाजू कोरडी व्हायची. आता जेवणाची वेळ झाली तरी ओलीच असते. ती वर येते, माझ्याकडे न बघता सांगते की थेंब गोल आहेत. मी हं म्हणतो. तिला खोटं बोलता येत नाही. आपल्या दोघांसाठी बोलते, तर ते तिच्या तोंडावर कसं मोडू.

शनिवारी डेंटरला बघायला लावलं. कडांकडून गेलाय म्हणाला. टेपेजवळ थर पातळ बसला असेल, ती चूक माझ्या हाताची. हात हल्ली थरथरतो. पण अहवालात नऊच लिही. गाडीवाला माणूस बाटलीवरचा आकडा खरा धरतो.

माझं मेण सहाव्याला गेलं. तू पंधरा दिवस म्हणाला होतास, तेही कुठंतरी लिहून ठेव. तुझं औषध माझ्यापेक्षा चांगलं आहे. पुढल्या थंडीत माझ्याही बाजूला तुझंच लाव. आधी माझं मेण नीट उतरव, कंटाळा करू नकोस.

मी ठीक आहे असंही ती लिहीत असेल. मी ठीक नाही. चार पावलं चाललो की श्वास पुरत नाही. तू ये.

बाबा

*

२० फेब्रुवारी

चि. वाळवीस,
अ. उ. आ.

परवा परत आलो. कुलूप उघडलं तर दाराच्या आत बाबांचं पत्र पडलेलं होतं. चार तारखेला बाबा गेल्याचा तुझा फोन आला आणि मी निघालो, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते इथे आलं असावं. तेरा दिवस मी त्यांच्या खिडकीशी, त्यांच्या खुर्चीत बसून होतो, आणि त्यांचं 'ये' इथे जमिनीवर पडून होतं. नक्कल सोबत पाठवतोय. मूळ पत्र तू मागू नकोस, मी देणार नाही.

रागावलो नाही असं लिहिलं, तर ते तुझ्यासारखं होईल. रागावलोय. लेपासाठी नाही. लेप पुन्हा करता येतो. तुझ्या तिन्ही पत्रांत 'प्रकृती ठीक आहे' असं आहे. मी ती पत्रं काढून समोर ठेवली आणि त्या तीन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली. एका ठिकाणी जरी खरं लिहिलं असतंस, तर मला त्यांचा आवाज ऐकायला मिळाला असता.

मग चौथी रेघ माझ्या पत्राखाली मारली. म्हणेपर्यंत नाही, असं मी लिहिलंय तिथे. तू खोटं कोणासाठी लिहिलंस, ते त्या ओळीत आहे.

अहवालात नऊ लिहिले. बाटली या वर्षी निघणार नाही. वरिष्ठांनी नोंदी कोणाच्या, असं विचारलं. मी म्हटलं, वडिलांच्या.

लिही.
दादा

*

२८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांच्या पत्राची नक्कल मी जिन्यात बसून वाचली. स्वतःच्या बचावासाठी मी एक मसुदा केला होता. तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता, म्हणून फाडून टाकला.

नवव्या रविवारी पाणी ओतले तेव्हा ते पसरले. मी तिथेच उभी राहिले. वर खिडकीत बाबा होते. आणखी दोनच रविवार, असे मला वाटले. त्याच सकाळी ते पलंगापासून खुर्चीपर्यंत दोनदा थांबले होते, आणि तेही दोनच रविवार लपवायचे, असेच मला वाटले. दोन्ही गोष्टी मी एकाच शाईने लिहिल्या. त्यांना सारे दिसत होते, हे मला आता कळते. मी जिना चढून येत असे आणि ते माझ्यासाठी 'हं' म्हणत.

आज सोळावा रविवार. रस्ता मोकळा होण्याची वाट न पाहता मी खाली गेले. समोरच्या मावशी दारात होत्या. त्या येऊन शेजारी उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंवर एकेक मग ओतला. दोन्हीकडे पाणी पसरले आणि मधल्या कोऱ्या पट्टीवरून एकमेकांत मिसळले. कोणती बाजू कोणाची, हे ओळखता येत नव्हते. बॉनेट सुकेपर्यंत दुपारचे एक वाजून वीस मिनिटे झाली. तोवर मी तिथेच बसले होते. नोंद केली. नवव्या, दहाव्या आणि अकराव्या रविवारच्या नोंदींवर आडवी रेघ मारून शेजारी खरे लिहिले, आणि खाली तारीख घातली. मधल्या चार रविवारांची पाने मी भरली नव्हती. ती कोरीच ठेवली आहेत.

मग डेंटर काका आले. आम्ही दोघांनी मिळून जुने मेण उतरवले, साबणाने दोनदा. काकांना एकदाच पुरेसे वाटत होते, मी ऐकले नाही. आता बॉनेट उघडे आहे. तुझी बाटली निम्मी शिल्लक आहे. मी ती लावणार नाही. बाबांनी ते काम तुला सांगितले आहे. फडके शेडमध्ये त्यांच्या खिळ्याला टांगले आहे. टेप या वेळी लागणार नाही.

प्रकृतीविषयी. जेवण एक वेळ होते. पुस्तक उघडते आणि पान उलटत नाही. खिडकीशी खुर्ची तशीच आहे. तिच्याकडे पाहावत नाही आणि ती हलवतही नाही. मी ठीक नाही, दादा. तू ये.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल, तर जितका उरला असेल तितकाच लिही. वाढवून लिहू नकोस.

तुझी,
वाळवी