सुलभाला गच्चीवर ने

प्रभाकर,

मी तुझ्या रंभाआत्यांना घेऊन राजपुऱ्यात भजनाला जाते आहे. गुडघे नको म्हणतात, पण आत्या घरात असल्या तर "पोटुशीनं शेंडेनक्षत्र बघू नये" म्हणून सुलभाला अडवतील. मागचं मोठं शेंडेनक्षत्र आलं तेव्हा तुझी थोरली बहीण माझ्या पोटात होती. आत्यांनी मला माजघरात कोंडलं. पोर तरीही जगली नाही.

तुझ्या रुंद काचेच्या कॅमेऱ्यात कृत्तिकांचा पुंजका आणि शेपटी एकदम मावतात म्हणालास ना? फोटोसाठी कंदील विझवशील, तेव्हा सुलभाला जिन्यावर हात दे. भाकरी टोपलीत आहे. आत्यांनी विचारलंच तर सुलभा झोपली होती म्हण.

माझं बघणं याही वेळी राहिलं. एक फोटो मला दे.

आई